घडीची स्कूटर, तीन पायऱ्या आणि सीएनजीची टाकी: सोलापुरातलं एक प्रकरण

सोलापूरच्या जुन्या पेठेतलं घर. राहणाऱ्या बाई ६९ वर्षांच्या. प्राथमिक शाळेत नोकरी झाली, त्यामुळे गल्लीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात. इथेही तसंच म्हणू. कमरेच्या मणक्यातली मज्जारज्जूची वाट अरुंद झाल्याचं निदान. चाळीस-पन्नास पावलं चाललं की मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात आणि बसल्यावर दोन-तीन मिनिटांत सगळं निवळतं. हात खणखणीत, नजर चष्म्यानिशी ठीक, तोल चांगला, खुर्चीतून स्वतः उठता-बसता येतं.

चालायला त्रास होणाऱ्यांसाठी बॅटरीवरची छोटी, बसून चालवायची स्कूटर मिळते (मोबिलिटी स्कूटर). ती कोणाला चालते आणि कोणाला नाही, ते इथेच ठरतं. बसायला पाठीची ताकद लागते, हँडल धरायला दोन्ही हात लागतात आणि चढायला-उतरायला दोन पावलं टाकता यावी लागतात. यातलं एक जरी नसेल तर जॉयस्टिकची विजेवर चालणारी चाकाची खुर्ची बरी. बाईंकडे तिन्ही होतं. शिवाय या दुखण्यात थोडं पुढे वाकून बसलं की आराम वाटतो, आणि स्कूटरच्या हँडलवर माणूस आपोआप तसाच बसतो. थोडक्यात, साधन योग्यच होतं. चुकली ती खरेदी.

गरज मोजली तर अशी होती: सोमवारी सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, घरापासून जेमतेम ९०० मीटर. आठवड्यातून एकदा भाजी. महिन्यातून एकदा बँक. आणि महिन्यातून दोनदा मुलाच्या गाडीतून होटगी रोडला बहिणीकडे. म्हणजे एका दिवसाची सगळ्यात लांब फेरी अडीच किलोमीटरची. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा सकाळी आठला टॉवेलच्या कारखान्यात जातो तो सातलाच परततो. दिवसभर घरी बाई आणि सूनबाई.

पहिली गाडी

मुलाने ऑनलाइन बघून घेतली: चार चाकी, रिमोटचं बटण दाबलं की स्वतःची स्वतः घडी होणारी, बॅटरीसह २९ किलो, किंमत १,१८,००० रुपये. जाहिरातीत एक बाई दोन बोटांनी तिची घडी करून डिकीत सारते. घरी आल्यावर जे झालं ते क्रमाने असं.

घराला रस्त्यापासून तीन पायऱ्या, प्रत्येक १८ सेंटिमीटरची, म्हणजे एकूण ५४ सेंटिमीटर चढ. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा. त्या हिशेबाने साडेसहा मीटर लांबीचा रॅम्प लागतो. गल्ली ३.६ मीटर रुंद. रॅम्प समोरच्याच्या ओट्यावर चढला असता, आणि समोरच्याने काय म्हटलं असतं ते लिहायची गरज नाही. म्हणून गाडी रोज उचलून आत-बाहेर करायची असं ठरलं. मुलाने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तो कारखान्यात, आणि ५२ किलो वजनाच्या सूनबाईंनी २९ किलोची घडी तीन पायऱ्यांवरून उतरवली. त्यांची पाठ आठवडाभर धरली.

बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली, झाकणाला चार स्क्रू. म्हणजे चार्जिंगसाठी अख्खी गाडीच आत घ्यायची. रिमोटच्या घडीची सोय इथे उलटली. आपोआप घडी करणारी छोटी मोटर आणि तिचा दांडा यांचंच वजन दोन-तीन किलो वाढतं, आणि ते वजन उचलताना रिमोट कामाचा नसतो.

घडीचा आकार ७४ × ५२ × ४५ सेंटिमीटर. मुलाच्या छोट्या गाडीला सीएनजीची टाकी बसवलेली. टाकीपुढे डिकीत उरलेली जागा २८ सेंटिमीटर. घडी डिकीत गेली नाही. मागच्या सीटवर घालायची तर दाराच्या चौकटीतून तिरकी करून आत ढकलावी लागते, आणि मग बाईंनी पुढे बसायचं. आपल्याकडे कितीतरी घरगुती गाड्या सीएनजीच्या झाल्यात, तरी स्कूटर विकणाऱ्या एकानेही ‘डिकीत टाकी आहे का’ असं विचारलेलं आमच्या पाहण्यात नाही.

शेवटचा फटका गतिरोधकाचा. मंदिराच्या वाटेवर दोन गतिरोधक, लोकांनीच डांबर ओतून केलेले: ११ सेंटिमीटर उंच, ४५ सेंटिमीटर रुंद. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ७४ सेंटिमीटर, म्हणजे पुढची चाकं पलीकडे उतरतात तेव्हा मागची अजून अलीकडेच असतात आणि उंचवटा नेमका पोटाखाली येतो. पोटाची जमिनीपासून उंची ५ सेंटिमीटर. गाडी कासवासारखी पोटावर टेकली. बाईंना उतरवून दोघांनी ती उचलून बाजूला घेतली. तिरकं काढायला गेलं तर मागचं एक चाक हवेत जातं, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमुळे सगळी ताकद त्याच हवेतल्या चाकाला मिळते आणि टेकलेलं चाक ढिम्म राहतं.

एकोणिसाव्या दिवशी गाडी परत केली. विक्रेत्याने १६,००० कापून घेतले.

दुसरी निवड: टेप आधी, गाडी नंतर

यावेळी आधी घराची मापं घेतली. ओट्याच्या बाजूला, पायऱ्यांच्या पायथ्याशी, रस्त्याच्या पातळीवर पाण्याच्या मोटरची जागा होती: ११५ सेंटिमीटर खोल, ६४ रुंद. त्यात मोटर, जुन्या बादल्या आणि एक मोडकी सायकल. मोटर भिंतीवर ब्रॅकेट मारून वर घेतली, सायकल भंगारात गेली. चालत्या अवस्थेतली स्कूटर साधारण ९८ × ५२ सेंटिमीटर भरते. म्हणजे ती घडी न करताच आत बसते.

या प्रकरणाची मेख हीच. घडीची स्कूटर घ्यायची, पण घरी तिची घडी करायचीच नाही. घडी लागते ती महिन्यातून दोनदा, मुलगा सोबत असताना, कारमध्ये ठेवायला. रोज लागते ती झटकन निघणारी बॅटरी. गाडी खाली कुलपात आणि २.४ किलोची बॅटरी पिशवीत घालून वर. पायऱ्या बाई स्वतःच उतरतात. तीन पायऱ्यांचा त्यांना त्रास नव्हताच, त्रास होता अंतराचा. हे कोणी त्यांना आधी विचारलं असतं तर १६,००० वाचले असते.

घेतलेली गाडी हाताने घडी होणारी, चार चाकी, २३.५ किलो, ९२,००० रुपये. बॅटरी आणि ४.१ किलोची सीट काढली की सांगाडा १७ किलोचा. तीन तुकडे वेगवेगळे उचलता येतात आणि कारच्या मागच्या सीटवर सांगाडा, पायाशी सीट, असं बसतं. तीन चाकी घ्यायचा मोह होता, कारण ती गल्लीत कमी जागेत वळते आणि पायांना ऐसपैस जागा देते. पण पेठेतले रस्ते मध्ये फुगीर आणि कडेला गटाराकडे उतरते आहेत. कडेने जाताना वळण घेतलं की तीन चाकी एका कुशीवर झुकते. अशा रस्त्याला चार चाकंच.

पोटाची उंची ८ सेंटिमीटर. तरीही ११ चा गतिरोधक सुटत नाही, हे आधीच कळत होतं. तोडगा रस्त्यावरच सापडला. गतिरोधक आणि गटाराच्या कठड्यात पाणी जायला फट सोडलेली असते, दुचाकीवाले तिथूनच सटकतात. दोन्ही ठिकाणी ती मोजली: एकीकडे ५८, दुसरीकडे ६३ सेंटिमीटर. ५२ ची गाडी जाते, पण ५८ च्या फटीत दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरच. तिथे वेगाचं बटण कासवाच्या चित्राकडे पूर्ण फिरवून जायचं.

पावतीवर एक गोष्ट बघून घ्यावी. अशा गाड्या जीएसटीत ‘दिव्यांगांची वाहने’ या ८७१३ क्रमांकाच्या शीर्षाखाली येतात आणि कर ५ टक्के आहे. विक्रेत्याने दुसराच क्रमांक टाकला असेल तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्यायचा, नंतर कोणी दाद देत नाही.

बॅटरीचा हिशेब

२४ व्होल्ट, १० अँपिअर-तास. गुणाकार २४० वॉट-तास. जाहिरातीत १५ किलोमीटर लिहिलेलं. ते खरं ठरतं सपाट, गुळगुळीत रस्त्यावर, हलक्या माणसाने न थांबता चालवलं तर. बाईंचं वजन ७१ किलो, रस्ता खडबडीत, दर पन्नास मीटरला थांबणं-सुटणं. प्रत्यक्षात नऊच्या आसपास. अडीच किलोमीटरच्या गरजेला ते तिप्पटीहून जास्त आहे, म्हणून दुसऱ्या बॅटरीचे जास्तीचे पैसे घातले नाहीत. विक्रेते नेहमी दुसरी बॅटरी गळ्यात मारायला बघतात. न वापरता पडून राहिली तरी लिथियम बॅटरी म्हातारी होतेच.

चार्जर २९.४ व्होल्ट, २ अँपिअरचा. रिकामी बॅटरी भरायला साडेपाच-सहा तास. चार्जरची पिन गोल, बाजारात सर्रास मिळणारी, आणि तशीच पिन शेजारच्या मुलाच्या ई-सायकलच्या चार्जरलाही होती. तो ३६ व्होल्टच्या बॅटरीचा, ४२ व्होल्ट देणारा. पिन बसते म्हणून चार्जर चालतो असं नाही. बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी बहुधा प्रवाह तोडतं, पण ‘बहुधा’वर घरात आग लावून घेऊ नये. बाईंच्या चार्जरला सूनबाईंनी लाल चिकटपट्टी लावली, बॅटरीलाही लाल. लाल लालला.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. उन्हातून आलेली बॅटरी आतून बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. म्हणून घरी आल्यावर ती शहाबादी फरशीवर, पंख्याखाली पाऊण तास. हाताला कोमट लागेनाशी झाली की मग चार्जर. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग अजिबात नाही. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर अर्धी भरून ठेवायची. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी दोन्ही वाईट.

२४० वॉट-तासांचा आणखी एक फायदा. बाईंची धाकटी लेक गोव्याला असते आणि जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. घडी होणाऱ्या साधनाची काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात ३०० वॉट-तासांपर्यंत चालते. ती काढून, टोकं झाकून, स्वतःसोबत केबिनमध्ये न्यायची. सामानात द्यायची नाही. विमान कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर सुरक्षा तपासणीत वाद होतो, त्यामुळे खरेदीच्या वेळीच ते लेबल बघावं.

शिकवणी

होम मैदान, सकाळी साडेसहा, सहा दिवस. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते ते हेच मैदान. एरवी सकाळी चालणारे आणि कुत्री सोडून कोणी नसतं. पहिल्या दिवशी फक्त चढणं-उतरणं: किल्ली बंद, सीट आडवी फिरवून कुलूप, बसणं, मग सीट सरळ. दुसऱ्या दिवशी रांगोळीने आखलेल्या दोन रेघांमधून सरळ जाणं, रेघांत ७० सेंटिमीटर. तिसऱ्या दिवशी विटांभोवती आठचा आकडा.

चौथ्या दिवशी अपेक्षित तेच घडलं. या गाड्यांना ब्रेकची मूठ बहुधा नसते. उजव्या बाजूची पट्टी ओढली की पुढे, डावीकडची ओढली की मागे. बोट सोडलं की विद्युतचुंबकी ब्रेक लागतो आणि गाडी जागेवर थांबते. माणूस घाबरला की हात सोडत नाही, आवळतो. आवळला की पट्टी दाबली जाते आणि गाडी थांबण्याऐवजी जोरात जाते. कुत्रं आडवं आलं, बाईंनी हँडल घट्ट धरलं, गाडी विटांवर. लागलं काही नाही, कारण वेग कासवावर होता. त्यानंतर दोन दिवस एकच सराव: सून बाजूने चालता चालता मध्येच ‘बाई!’ म्हणून ओरडणार आणि बाईंनी बोटं पंख्यासारखी उघडायची. चाळीसेक वेळा केल्यावर ते हातात बसलं. सासूला ‘बाई’ म्हणून हाका मारण्याची ही संधी सूनबाईंनी पुरेपूर घेतली असं दिसतं.

याच पट्टीपायी दुसरा नियम. हँडलला भाजीची पिशवी अडकवायची नाही. पिशवीचा बंद पट्टीवर सरकतो, आणि किल्ली चालू असताना उतरलं तर रिकामी गाडी चालू पडते. पिशवी पुढच्या टोपलीत, तीन किलोच्या वर नाही. उतरताना किल्ली आधी हातात, मग पाय खाली.

साडीचा प्रश्न माहितीपुस्तिकेत कुठेच नसतो, कारण त्या गाड्या साडी नेसणाऱ्यांसाठी बनलेल्या नाहीत. पदर मागच्या डाव्या चाकाकडे लोंबतो, निऱ्या पुढच्या चाकांच्या मधल्या दांड्याकडे घसरतात. चाकात गेलेला पदर सुटत नाही, तो माणसाला ओढतो. पदर कमरेला खोचायचा हे झालंच. पण विसरलं तर काय, म्हणून दोन्ही मागच्या चाकांना आतल्या बाजूने २ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पडदे बसवले, मोटारसायकलींना साडीची जाळी असते त्याच धर्तीचे. फॅब्रिकेशनवाल्याने सीटखालच्या चौकटीला क्लिपा मारून ६५० रुपयांत करून दिलं. सांगाड्याला भोक पाडू दिलं नाही. पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडलं की तिथूनच तडा जातो.

नंतर जे जे बिघडलं

मागच्या बाजूला लाल दांडा असतो. तो वर केला की मोटर सुटते आणि गाडी ढकलता येते. पण ब्रेक मोटरलाच असल्याने तोही सुटतो. दुसऱ्या आठवड्यात नातवाने गाडी ढकलत बाहेर काढली, दांडा तसाच ठेवला, आणि रिकामी गाडी उतारावरून गटारापर्यंत एकटी गेली. बाई वर असत्या तर? आता दांड्याला कापडी फीत बांधली आहे आणि तिचं दुसरं टोक सीटवर टाकलेलं असतं. फीत दिसली की दांडा आधी बघायचा.

पाण्याचा दिवस. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की मोटरपाशी सगळीकडे पाणीच पाणी. गाडीवर शिंतोडे आलेले चालतात, पाण्यात उभी केलेली चालत नाही. गाडीची मोटर जमिनीपासून हातभरही उंच नसते. पाण्याच्या दिवशी गाडी आधी बाहेर काढून साखळीने गजाला बांधतात. पावसाळ्यात काळी माती चाक आणि पडद्यामध्ये भरते, वाळली की दगड होते. ओली असतानाच काडीने काढायची. पाइपने धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

टायर भरीव, त्यामुळे पंक्चर नाही, पण पेव्हर ब्लॉकवरून प्रत्येक सांधा थेट कमरेत. सुनेने पाच सेंटिमीटरची गादी शिवून दिली. सीट तेवढी उंच झाली, पावलं अधांतरी राहू लागली, उतरताना तोल जायला लागला. मग तीन सेंटिमीटरचा दाट फोम घेतला आणि हँडल एक खाच जवळ आणलं. वेग ताशी सहावरून चारवर आणणं हा मात्र गादीपेक्षा मोठा उपाय ठरला. मंदिराला चौदा मिनिटं लागतात, नऊ नाही.

सातव्या आठवड्यात गाडी मध्येच बंद पडून दोन सेकंदांत परत चालू व्हायला लागली. असं झालं की क्रमाने बघायचं: आधी बॅटरीच्या पितळी टोकांवर काजळी आहे का, मग बॅटरी खाचेत पूर्ण बसते का, मग घडीच्या सांध्यातली वायर. बॅटरी मल्टिमीटरवर २७.८ व्होल्ट, ठणठणीत. मीटर कंट्रोलरच्या (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीच्या) जोडावर लावून हँडल हळूहळू आडवं केलं तर आकडा शून्यावर. सांध्यात वायर ताणून बसवलेली होती. प्रत्येक घडीला वाकून आतले तांब्याचे धागे एकेक तुटत गेले. ई-रिक्षाच्या मिस्त्रीने दहा सेंटिमीटर ढील देऊन नवी मल्टिस्ट्रँड वायर टाकली आणि वर स्पायरल गुंडाळलं. ४०० रुपये. वायर, जोड, बेअरिंग एवढं ई-रिक्षावाल्यांकडून खुशाल करून घ्यावं. कंट्रोलर त्यांना उघडू देऊ नये.

घडीच्या खटक्याची सवयही तेव्हाच लागली. गाडी उभी केल्यावर ‘टक’ ऐकू आलं म्हणून थांबायचं नाही. हँडलचा दांडा धरून वर ओढून बघायचा. खाचेत वाळूचा कण असला तरी ‘टक’ होतं, खिट्टी मात्र अर्धीच जाते.

पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी ३८ मिलिमीटरचा गोल पाइप, ८८ सेंटिमीटर उंचीवर, शेवटच्या पायरीच्या ३० सेंटिमीटर पुढेपर्यंत. खर्च ३,२००. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त दिलं ते या कठड्याने. तो आधी लावला असता तर पहिली गाडी उचलून आत घ्यायचा विचारही कोणाच्या डोक्यात आला नसता.

बँक तेवढी राहिली. दाराशी उतार केलेला आहे, पण ४५ सेंटिमीटर चढ २२० सेंटिमीटर लांबीत: साडेअकरा अंश. गाडीची मर्यादा सहा. मोटर कदाचित चढवेलही, पण वजन मागे जाऊन पुढची चाकं उचलतात आणि मागे पडायला तेवढं पुरतं. मागच्या छोट्या टेकू-चाकांवर भिस्त ठेवून चढणारे लोक आहेत. बाईंना आम्ही नको म्हणून सांगितलं. शाखेत अर्ज दिला, पोचही मिळाली. तोवर बाई खाली लिंबाच्या सावलीत किल्ली काढून बसतात, आणि पासबुक सूनबाई वर नेतात.